कचरावेचकांचे हक्क: दया नको, दाम आणि दर्जा हवा

वस्तीपातळीवर काम करताना आम्ही जेव्हा जेव्हा कचरावेचक महिलांच्या संघटनेचा विषय काढतो, तेव्हा बौद्ध तरुणांकडून एक प्रश्न हमखास येतो. बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितली, मग आपण त्याच कामाची संघटना का बांधायची? कचरा वेचणाऱ्या बाईला ओळखपत्र दिलं, हातमोजे दिले, म्हणजे तिला आणि तिच्या मुलीला त्याच कामाला कायमचं बांधून टाकणं नाही का?

प्रश्न योग्य आहे. तो विचारणारा तरुण बाबासाहेब वाचलेला असतो. पण त्याच्या वस्तीतली एखादी आत्या, मावशी किंवा शेजारची ताई आजही पहाटे पोतं खांद्यावर टाकून बाहेर पडते. त्यामुळे हा प्रश्न सभागृहात सोडून देता येत नाही. कचरावेचक म्हणजे कोण, त्यांचे हक्क कोणते, ते कुठे मिळाले, कुठे अडले आणि आंबेडकरी विचारात या लढ्याची जागा कोणती, हे नीट समजून घेऊ.

कचरावेचक म्हणजे नेमकं कोण?

आपल्या बोलण्यात "सफाईवाले" या एका शब्दात तीन वेगवेगळे गट येतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पहिला गट महापालिका-नगरपालिकांच्या कायम सफाई कामगारांचा. त्यांना पगार, रजा, निवृत्तीचे लाभ आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी मिळते ती यांच्याकडे. दुसरा गट कंत्राटी कामगारांचा. काम तेच, पण मालक ठेकेदार. किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधीसाठीही त्यांना भांडावं लागतं.

तिसरा गट कचरावेचकांचा. यांना कुणी कामावर ठेवलेलंच नाही. रस्त्यावरून, कुंडीतून, डेपोवरून कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक वेचायचं, निवडायचं आणि भंगारवाल्याला विकायचं. मालक नाही, म्हणून पगार नाही. पगार नाही, म्हणून कामगार कायद्यांच्या बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा २०१३ चा कायदाही यांना लागू नाही, कारण तो मानवी विष्ठेच्या हाताळणीबद्दल आहे. म्हणजे काम घाणीत, पण कागदावर ती कामगारही नाही आणि पुनर्वसनाची हक्कदारही नाही.

तिने वेचलेला माल मात्र थेट उद्योगात जातो. वेचकाकडून किरकोळ भंगारवाल्याकडे, तिथून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तिथून पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात. जितक्या वेळा माल निवडला जातो, तितकी त्याची किंमत वाढते. पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. ही पारख पुस्तकात मिळत नाही. हाताला नुसता स्पर्श झाला तरी प्लास्टिक कोणत्या जातीचं हे या बायका सांगतात. पण बाजार पडला की पहिला फटका साखळीच्या तळाशी असलेल्या तिलाच बसतो, कारण भाव ठरवणं तिच्या हातात नसतं आणि माल साठवून ठेवायला तिच्याकडे जागा नसते. अडचणीला उचल भंगारवाल्याकडूनच घेतलेली असते, त्यामुळे दुसरीकडे माल विकायची सोयही राहत नाही.

आणखी एक हिशेब कुणी मांडत नाही. तिने वेचलेला प्रत्येक किलो माल महापालिकेला उचलावा, वाहावा आणि पुरावा लागत नाही. हा वाचलेला खर्च शहराच्या तिजोरीत राहतो. म्हणजे शहर तिला पोसत नाही, तीच शहराला अनुदान देते.

हे काम आपल्याच वाट्याला का आलं?

"कष्टाचं काम आहे, कुणीही करू शकतं," असं म्हणणाऱ्यांनी कोणत्याही शहराच्या कचरा डेपोवर जाऊन तिथल्या माणसांची आडनावं आणि गावं विचारावीत. महाराष्ट्रात या कामात मोठ्या संख्येने महिला आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य मातंग, बौद्ध आणि इतर दलित-भटक्या समाजांतल्या आहेत. पुण्यातल्या अनेक कुटुंबांचं मूळ शोधत गेलं की १९७२ च्या दुष्काळाशी येऊन थांबतं. गावात जमीन नव्हती, शेतमजुरी आटली, माणसं शहरात आली. पुरुषाला हमाली, बिगारी काही तरी मिळालं. बाईला काय मिळालं? स्वयंपाकघरात जातीमुळे प्रवेश नव्हता. धुणीभांडी मिळाली तरी मालकिणीची बोलणी होती. उकिरड्यावर मात्र कुणी जात विचारत नव्हतं, कारण तिथे दुसऱ्या कुणाला यायचंच नव्हतं.

अनेक जुन्या कार्यकर्त्या महिला सांगतात की त्यांनी धुण्याभांड्यांपेक्षा कचरा पत्करला, कारण इथे डोक्यावर मालक नाही. या सांगण्यात स्वाभिमान आहे. पण ज्या बाईसमोर दोनच वाटा होत्या आणि दोन्ही जातीने आखून दिलेल्या होत्या, तिच्या निवडीला आपण स्वातंत्र्य म्हणू शकत नाही. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचं म्हणणं आपण भाषणात नेहमी ऐकतो. ते कशाला म्हणतात, हे डेपोवर दिसतं.

बाबासाहेबांची भूमिका अर्धी वाचून चालणार नाही

महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडण्याचं, स्वतःला उंचावण्याचं आवाहन केलं. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या विरोधात विधेयक मांडलं, कारण वतन म्हणजे गावाची गुलामगिरी होती. भंगीकाम हे पवित्र सेवाकार्य आहे, असं म्हणत त्या कामाचं उदात्तीकरण करणाऱ्या गांधीजींच्या विचारावर त्यांनी कठोर टीका केली. ज्याच्या वाट्याला ते काम जन्माने आलं आहे, त्याला "तुझं काम थोर आहे" असं सांगणं म्हणजे त्याने ते सोडू नये म्हणून केलेली फसवणूक आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. आजही स्वच्छतेच्या मोहिमांमध्ये "स्वच्छतादूत", "स्वच्छतावीर" असे शब्द फेकले जातात, तेव्हा ही टीका आठवली पाहिजे. शालीने पोट भरत नाही आणि दूत म्हटल्याने विमा मिळत नाही.

पण याच बाबासाहेबांनी मुंबई महापालिकेच्या कामगारांच्या संघटनेचं नेतृत्वही केलं. तुम्ही आधी हे काम सोडा, मग मी तुमच्यासाठी लढतो, असं ते म्हणाले नाहीत. स्वतंत्र मजूर पक्ष काढला, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी घेतली, कामाचे तास आणि कामगारांचं कल्याण यासाठी कायदे घडवले. म्हणजे त्यांच्या विचारात दोन पावलं एकाच वेळी पडतात. आज ज्याच्या हातात झाडू आहे त्याला पूर्ण हक्क, आणि उद्या तो झाडू त्याच्या मुलाच्या हातात जाऊ नये म्हणून शिक्षण व संधी. एका पायावर उभं राहून वाट चालता येत नाही.

"बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात पतितांच्या आणि उपेक्षितांच्या धम्मदीक्षेत सुनीताची कथा आहे. सुनीत राजगृहाच्या रस्त्यावर लोकांनी टाकलेला केरकचरा झाडून पोट भरत होता. हलका मानलेला, वंशपरंपरेने आलेला धंदा. भगवंत भिक्खूसंघासह येताना दिसले तेव्हा तो बावरला, लपायला जागा शोधू लागला, आणि जागा न सापडल्यामुळे भिंतीला चिकटून हात जोडून उभा राहिला. भगवंतांनी त्याला टाळलं नाही आणि त्याच्या झाडूचे गोडवेही गायले नाहीत. असं दैन्याचं जिणं सोडून संघात यायची तुझी तयारी आहे का, असं त्यांनी विचारलं. सुनीत भिक्खू झाला आणि पुढे थेर म्हणून मान्यता पावला.

या कथेतून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. माणूस कामाने अपवित्र होत नाही. आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर दार उघडं असलं पाहिजे, तेही सन्मानाचं. अष्टांगिक मार्गातली सम्यक आजीविका याच्याशी जोडून पाहायला हवी. शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार बुद्धांनी वर्ज्य मानला. कचरा वेचणं त्यात नाही. त्यात कुणाची हिंसा नाही, उलट शहराचं आणि मातीचं रक्षण आहे. दोष त्या बाईच्या आजीविकेत नाही. दोष तिला तुटपुंज्या दरात, उघड्या हाताने, जातीच्या नावावर ते करायला लावणाऱ्या समाजात आहे.

पुण्याने काय करून दाखवलं

संघटना बांधली तर काय बदलतं, याचं सर्वांत ठोस उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातून कचरा वेचणाऱ्या महिला आणि मुलींसोबत काम सुरू झालं. उकिरडा उपसण्यापेक्षा घरातूनच निवडलेला सुका कचरा मिळाला तर काम स्वच्छ होतं आणि मालाला भावही बरा मिळतो, हे लक्षात आलं. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कचरावेचकांची परिषद भरली आणि "कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत" ही संघटना उभी राहिली. हमाल पंचायत आणि "एक गाव, एक पाणवठा" या चळवळींचा अनुभव त्यामागे होता.

पंचायतीची पहिली मागणी पैशाची नव्हती, ओळखीची होती. हातात पोतं दिसलं की चोर समजून पोलीस उचलायचे, सोसायटीचा रखवालदार हाकलायचा. संघटनेच्या ओळखपत्रावर पुणे महापालिकेची मोहर बसली तेव्हा हे चित्र बदलू लागलं. कचरावेचकांना अशी मान्यता देणारी पुणे ही देशातली पहिली महापालिका ठरली. पुढे महापालिकेच्या खर्चाने आरोग्य विमा आला. सावकारीतून सुटण्यासाठी पतसंस्था आली. भंगाराची स्वतःची दुकानं निघाली, जिथे वजनकाटा खरा असतो.

मग २००७ मध्ये "स्वच्छ" ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार केला. कुंडीत वेचणारी बाई आता दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा कचरा गोळा करू लागली. कुटुंबांनी तिला दरमहा सेवाशुल्क द्यायचं, सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसेही तिचेच, आणि महापालिकेने साधनं व निवडण्यासाठी जागा पुरवायची, अशी ही रचना. आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद या पद्धतीने काम करतात.

यातला बदल नुसता उत्पन्नाचा नाही. आधी ती कचऱ्यातून काही मिळतं का बघणारी होती, आता ती सेवा देणारी आहे. सेवेला दर असतो, वेळ असते, सुट्टी असते आणि तक्रार करायचा अधिकार दोन्ही बाजूंना असतो. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, ही मोहीमही याच महिलांच्या मागणीतून आली. आपली घाण दुसऱ्याच्या उघड्या हातात देऊ नये, इतकी साधी गोष्ट शहराला शिकवावी लागली.

तरीही ही घडी पक्की नाही. २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपली तेव्हा काम खासगी कंपनीकडे द्यायची चर्चा सुरू झाली आणि या महिलांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. सेवाशुल्क बुडवणारी कुटुंबं आजही आहेत. मोबाइलचं महिन्याचं रिचार्ज न चुकता करणारे लोक कचऱ्याच्या बाईशी मात्र दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतात.

कायदा काय सांगतो

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे या लढ्यातलं महत्त्वाचं पाऊल होतं. या नियमांनी कचरावेचकाची व्याख्या केली आणि स्थानिक स्वराज्य संस्थांवर स्पष्ट जबाबदाऱ्या टाकल्या. कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देण्याची पद्धत तयार करणं, दारोदार संकलनासह संपूर्ण व्यवस्थेत त्यांना सामावून घेणं, बचत गट उभारायला मदत करणं, ओळखपत्रं देणं आणि सुका कचरा निवडण्यासाठी केंद्रं उभारणं, हे सगळं त्यात होतं. नागरिकांनी कचरा वेगळा करून देणं आणि सेवाशुल्क भरणं हीही जबाबदारी ठरवली.

याखेरीज तीन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हव्यात.

एक, केंद्र सरकारची नमस्ते योजना. ती आधी गटार आणि सेप्टिक टाकी साफ करणाऱ्या कामगारांसाठी होती. २०२४ मध्ये तिच्यात कचरावेचकांचा समावेश झाला. नोंदणी झाल्यावर सुरक्षा साधनं, आरोग्य विम्याचं कार्ड, प्रशिक्षण आणि व्यवसायासाठी साहाय्य अशा तरतुदी आहेत. पण नाव यादीत असेल तरच.

दोन, ई-श्रम नोंदणी. असंघटित कामगार म्हणून सरकारदरबारी अस्तित्व सिद्ध करण्याचा हा पहिला कागद आहे.

तीन, अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती. कचरावेचकांची मुलं तिला पात्र आहेत आणि जातीधर्माची अट नाही. पालकाच्या व्यवसायाचं प्रमाणपत्र लागतं आणि घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. सुनीताच्या कथेतलं दार उघडायची किल्ली आमच्या मते हीच आहे. आईच्या कामाचा दाखला मुलीच्या शाळेसाठी वापरायचा, तिच्या कामासाठी नाही.

नवे धोके

जुना धोका अपमानाचा होता, नवा धोका ठेक्याचा आहे. अनेक शहरांत कचरा वाहून नेण्याचं कंत्राट टनावर दिलं जातं. जितका जास्त कचरा डेपोवर, तितके जास्त पैसे ठेकेदाराला. मग त्याला कचरा निवडण्यात, कमी करण्यात काय रस असणार? गाडीत सगळं एकत्र कोंबलं जातं. त्यामुळे वेचकाचा माल जातो, खताचं नुकसान होतं आणि डेपो वाढत राहतो.

डेपो बंद करणं, त्याला कुंपण घालणं हे पर्यावरणासाठी गरजेचं असू शकतं. मुंबईत देवनारला २०१६ च्या आगीनंतर आत जायचे रस्ते बंद होऊ लागले तेव्हा तिथे पिढ्यानपिढ्या वेचणाऱ्या कुटुंबांसमोर दुसरा पर्याय ठेवला गेला नव्हता. डेपोच्या धुरात जगणारा पहिला बळी तोच आणि डेपो बंद झाल्यावर उपाशी राहणाराही तोच, असं होता कामा नये.

तिसरी गोष्ट कंपन्यांची जबाबदारी. प्लास्टिक वेष्टनं बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी तेवढं प्लास्टिक गोळा करून त्याची प्रक्रिया करावी, असा नियम आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांचा व्यवहार होतो, पैसा फिरतो. पण चिप्सच्या पाकिटाला भंगारात भाव नाही म्हणून ते उचलायला कुणी नाही, आणि जी बाई उचलते तिच्यापर्यंत हा पैसा पोहोचत नाही. या पैशात कचरावेचकांच्या संस्थांचा वाटा ठरवून मिळावा, ही येत्या काळातली मोठी मागणी असणार आहे. कोलंबियात तिथल्या संवैधानिक न्यायालयाच्या निकालांनंतर बोगोटा शहराने २०१३ पासून वेचकांना मालाच्या किमतीशिवाय सेवेचेही पैसे द्यायला सुरुवात केली. तिथे जमतं, तर इथे का नाही?

आपण काय करायचं

बौद्ध तरुणांकडे दोन मोठ्या ताकदी आहेत. जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे आणि अर्ज लिहायची सवय आहे. त्या इथे वापरता येतील.

• आपल्या विहाराच्या परिसरात कचरा वेचणारी कुटुंबं किती, याची नोंद करा. बौद्ध किती आणि मातंग किती असा भेद न करता. हा प्रश्न एका जातीचा नाही आणि एकट्या जातीने तो सुटणारही नाही.

• रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा कागदपत्रांचं शिबिर घ्या. ई-श्रम, नमस्ते नोंदणी, आरोग्य कार्ड, जातीचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती. वेळ त्यांच्या कामानुसार ठेवा. सकाळी अकराला बोलावलं तर कुणी येणार नाही.

• माहिती अधिकारात आपल्या नगरपालिकेला विचारा: कचरावेचकांची यादी आहे का, किती ओळखपत्रं दिली, निवडण्यासाठी किती शेड आहेत, ठेक्याच्या अटींमध्ये त्यांना सामावून घेण्याची अट आहे का. उत्तर बहुतेक वेळा कोरं येतं. पण कोरं उत्तर हाही पुरावा असतो.

• आपल्या स्वतःच्या कार्यक्रमांपासून सुरुवात करा. १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमी. भोजनदान आणि पाणीवाटपानंतर पत्रावळ्या, ग्लास, बाटल्या कोण उचलतं? आयोजनाच्या खर्चात कचरावेचक गटाच्या मोबदल्याची रक्कम आधीच धरा. वर्गणीत फलकाला पैसे निघतात, मग यालाही निघतील.

• शिकलेल्या मुलामुलींनी संघटनेचा हिशेब, करार आणि पत्रव्यवहार सांभाळायला मदत करावी. पण सभेत बोलायचं त्या महिलांनी. त्यांच्या वतीने बोलणारे आधीच खूप आहेत.

संघटना बांधली तर बायका त्याच कामात अडकतील, या शंकेचं आमच्यापुरतं उत्तर असं आहे. माणूस अडकतो तो हक्कामुळे नाही, कर्जामुळे, आजारपणामुळे आणि मुलांची शाळा सुटल्यामुळे. जिला विमा आहे, ती एका आजारपणात सावकाराच्या दारात जात नाही. जिचं उत्पन्न दरमहा ठरलेलं आहे, ती मुलीला शाळेतून काढून सोबतीला नेत नाही. हक्क मिळाले की बाहेर पडायची ताकद येते. आणि ज्यांना हेच काम करायचं असेल, त्यांनी ते जातीचं ओझं म्हणून न करता दर, साधनं आणि सुट्टी असलेला व्यवसाय म्हणून करावं. उद्या एखाद्या कोणत्याही आडनावाच्या माणसाला या कामासाठी अर्ज करावासा वाटला, तर आपण जिंकलो असं समजायला हरकत नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.